व्हीएमचा स्नॅपशॉट रात्रभर उघडा ठेवू नका

ज्यांच्याकडे मोठा डेटाबेस व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारं आभासी मशीन) चालतो आणि स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाची गोठवलेली अवस्था, घेऊन बॅकअप होतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला ही गोष्ट रात्री पावणेतीनला कळली, तुम्हाला ती आधीच कळावी एवढीच इच्छा आहे.

साधारण दोन टीबीची व्हीएम, आत डेटाबेस. बॅकअप रात्री अकराला सुरू व्हायचा आणि तीन-साडेतीन तासांत संपायचा, कित्येक महिने काही तक्रार नव्हती. त्या रात्री डेटाबेसच्या टीमने नेमका त्याच वेळात इंडेक्स रीबिल्ड (डिस्कवर भरपूर लिखाण करणारं काम) लावला होता. बॅकअप संपला, सॉफ्टवेअरने व्हीएमचा स्नॅपशॉट डिलीट करायला घेतला आणि टास्क ९९ टक्क्यांवर जाऊन अडकला, मी डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल असतात ती जागा) उघडून बघितलं तर डेल्टा फाइल, म्हणजे स्नॅपशॉटनंतरचं लिखाण साठतं ती, २१० जीबी झालेली. मग पिंगचे रिप्लाय यायचे थांबले. मी स्क्रीनवरचे टाइमआउट मोजत बसलो होतो, ३८ सेकंद व्हीएम पूर्ण गप्प होती, तेवढ्यात क्लस्टरला वाटलं की हा नोड गेला आणि त्याने फेलओव्हर केला, म्हणजे काम दुसऱ्या नोडवर हलवलं, चालू असलेली सगळी कनेक्शन्स तुटली. म्हणजे बॅकअप एकदम यशस्वी, हिरवी टिक, आणि ज्याच्यासाठी बॅकअप घेतो तीच सिस्टीम पडली.

हे का झालं ते नीट समजून घ्या. व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क फाइलवर लिहिणं बंद होतं आणि त्यानंतरचं सगळं लिखाण शेजारच्या डेल्टा फाइलमध्ये जातं. बॅकअप सॉफ्टवेअर निवांत मूळ डिस्क वाचत बसतं आणि तेवढा वेळ डेल्टा फुगत राहते. स्नॅपशॉट डिलीट केला म्हणजे फाइल उडवली असं नसतं, डेल्टामधला प्रत्येक ब्लॉक मूळ डिस्कमध्ये परत नेऊन बसवावा लागतो, ते चालू असताना व्हीएम नवं लिहितच असते आणि अगदी शेवटी उरलेलं जुळवण्यासाठी तिला क्षणभर थांबवावं लागतं. हा क्षण डेल्टा छोटी असेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण डेल्टा मोठी, वर लिखाण जोरात आणि स्टोरेज आधीच दमलेलं असेल तर आमच्यासारखं होतं. स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं व्हीएमवेअरनेच सांगितलंय, आणि साखळीत ३२ पर्यंत चालत असले तरी दोन-तीनच ठेवा असंही. बरेच जण हे ७२ तास म्हणजे परवानगी समजतात, पण जिथे लिखाण जास्त आहे तिथे तीन तासही खूप झाले.

तर उपाय काय, स्टोरेजचा स्नॅपशॉट. हा हायपरव्हायझर (म्हणजे व्हीएमवेअर) घेत नाही, खालचा अ‍ॅरे, म्हणजे डिस्कची पेटी, घेतो. डेटा कॉपी होत नाही, त्या क्षणी कुठले ब्लॉक कुठे आहेत याचा नकाशा फक्त गोठवला जातो, म्हणून लन (अ‍ॅरेने सर्व्हरला दिलेला डिस्कचा भाग) दोन टीबीचा असो की वीस टीबीचा, काम काही सेकंदांत होतं. नंतर नवं लिखाण आलं की नेटअ‍ॅप किंवा झेडएफएससारख्या सिस्टीम ते नव्या जागी लिहितात आणि जुना ब्लॉक आहे तिथेच राहतो, त्यामुळे स्पीडवर फारसा फरक पडत नाही. लिनक्समधल्या जुन्या पद्धतीच्या एलव्हीएम स्नॅपशॉटचं तसं नाही, तिथे जुना ब्लॉक आधी वाचायचा, राखीव जागेत टाकायचा आणि मग नवा लिहायचा, आणि ती राखीव जागा भरली की स्नॅपशॉट सरळ निकामी होतो. म्हणून स्टोरेज स्नॅपशॉट आहे म्हणजे झालं असं धरू नका, तो कुठल्या पद्धतीने बनतो ते आधी विचारा.

आता क्रम, सगळा खेळ क्रमाचा आहे. आधी व्हीएमच्या आत अ‍ॅप्लिकेशनला शांत करायचं, मग व्हीएमचा स्नॅपशॉट, लगेच अ‍ॅरेचा स्नॅपशॉट, आणि तो झाला रे झाला की व्हीएमचा स्नॅपशॉट काढून टाकायचा. पुढचे तीन तास बॅकअप प्रॉक्सी (बॅकअपसाठी डेटा वाचणारं मशीन) अ‍ॅरेच्या स्नॅपशॉटवरून वाचत बसेल, प्रॉडक्शनच्या व्हीएमला त्याचा पत्ताही नसेल (अर्थात खालच्या डिस्क त्याच असतात, वाचनाचा थोडा भार पडतोच). आमच्याकडे त्याच डेटाबेसवर आता व्हीएमचा स्नॅपशॉट साधारण ४० सेकंद जगतो आणि डेल्टा काही एमबीची होते. व्हीम (Veeam) या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१३ च्या व्हर्जन ७ पासून आहे, इतर सॉफ्टवेअरमध्येही आहे, फक्त तुमचा अ‍ॅरे त्यांच्या यादीत आहे का ते बघावं लागतं.

मला दोघांनी विचारलं की मग व्हीएमचा स्नॅपशॉट घ्यायचाच कशाला, सरळ अ‍ॅरेचा घेऊ. अ‍ॅरेला फक्त ब्लॉक दिसतात, त्या लनवर कुठली व्हीएम आहे, तिच्या मेमरीत काय लिहायचं राहिलंय हे त्याला काही माहीत नसतं. आतल्याला थांबवायचं काम वरूनच करावं लागतं, विंडोजमध्ये व्हीएसएस, लिनक्समध्ये एफएसफ्रीझ किंवा डेटाबेसची स्वतःची स्क्रिप्ट. शिवाय बदललेले ब्लॉक कुठले याचा हिशेब, म्हणजे सीबीटी, तोही व्हीएमच्या स्नॅपशॉटबरोबरच मिळतो, तो नसेल तर रोज पूर्ण डिस्क वाचत बसा.

व्हीएसएसची एक गोष्ट लक्षात ठेवा, तो अ‍ॅप्लिकेशनला जास्तीत जास्त ६० सेकंद थांबवतो आणि डिस्कवरचं लिखाण प्रत्यक्ष रोखून धरतो ते फक्त १० सेकंद. तेवढ्यात स्नॅपशॉट झाला नाही तर तो सोडून देतो आणि जॉब फेल. सगळे जॉब बरोबर बाराच्या ठोक्याला लावले असतील तर हे होणारच, वेळा थोड्या पुढेमागे करा.

आणखी एक जागा जिथे मी स्वतः अडकलो. एका डेटास्टोअरवर २५ व्हीएम होत्या आणि सगळ्या एकाच जॉबमध्ये. सॉफ्टवेअर आधी त्या सगळ्यांचे स्नॅपशॉट घेतं, मग अ‍ॅरेचा एक, मग व्हीएमचे सगळे डिलीट करतं, म्हणजे पहिल्या व्हीएमचा स्नॅपशॉट शेवटच्या व्हीएमची वाट बघत उघडा राहतो. एका अ‍ॅरे स्नॅपशॉटमागे किती व्हीएम घ्यायच्या यावर मर्यादा घालायची सेटिंग असते, ती लावा, आणि जास्त लिहिणाऱ्या व्हीएमचा जॉब वेगळाच करा.

आत शांत न करता घेतलेला स्नॅपशॉट म्हणजे चालू मशीनची वायर उपटल्यासारखी अवस्था. तो अगदीच टाकाऊ नसतो, पोस्टग्रेस किंवा इनोडीबीसारखे डेटाबेस लॉग वाचून स्वतःला सावरतात, पण अट एकच, डेटा आणि लॉग एकाच क्षणाचे पाहिजेत. डेटा एका लनवर आणि लॉग दुसऱ्या लनवर असेल आणि दोघांचे स्नॅपशॉट चार सेकंदांच्या अंतराने झाले तर सावरायला काही उरत नाही. त्यासाठी अ‍ॅरेवर दोन्ही लन एका कन्सिस्टन्सी ग्रुपमध्ये (सगळ्यांचा स्नॅपशॉट एकाच क्षणी होतो असा गट) टाका. झेडएफएसवर रिकर्सिव्ह स्नॅपशॉट घेतला तर खालचे सगळे एकाच क्षणाचे येतात, ते मला फार आवडतं. आणि व्हीएमवेअरमध्ये इंडिपेंडंट डिस्क (स्नॅपशॉटमधून वगळलेली) किंवा फिजिकल मोडची आरडीएम (लन सरळ व्हीएमला जोडलेला) असेल तर ती व्हीएमच्या स्नॅपशॉटमध्ये येतच नाही, ती एकदा शोधून ठेवा.

प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी थोडं. तिथल्या बॅकअपला स्नॅपशॉट मोड म्हणतात पण तो स्टोरेजचा स्नॅपशॉट नाही. तिथे व्हीएम एखादा ब्लॉक बदलायला गेली की क्यूईएमयू (प्रॉक्समॉक्सच्या आत व्हीएम चालवणारा भाग) आधी जुना ब्लॉक बॅकअपकडे पाठवतं आणि मग नवा लिहू देतं, त्यामुळे बॅकअप सर्व्हर संथ असेल तर व्हीएमसुद्धा संथ होते. २०२४ च्या ८.२ मध्ये फ्लीसिंग आलं, म्हणजे जुना ब्लॉक आधी जवळच्या फास्ट डिस्कवर ठेवायचा, त्याने पुष्कळ फरक पडतो.

आता जे मी प्रत्येकाला सांगतो ते, अ‍ॅरेवरचा स्नॅपशॉट हा बॅकअप नाही. तो मूळ डेटाचेच ब्लॉक वापरतो, पूल (अ‍ॅरेवरचा डिस्कचा एकत्र साठा) गेला की दोन्ही गेले, अ‍ॅरेचा अ‍ॅडमिन पासवर्ड नको त्या हातात पडला तर दोन्ही उडवता येतात. डेटा त्या पेटीतून बाहेर, दुसऱ्या स्टोरेजवर जाऊन बसला तरच बॅकअप, आणि त्यातली एक कॉपी तरी डिलीट न करता येणारी आणि दुसऱ्या जागी असलेली हवी.

जागेचंही बघा. मी एकदा ६०० जीबीची जुनी व्हीएम उडवली, पूल भरत आला होता म्हणूनच उडवली, आणि आकडा एक जीबीनेही हलला नाही. सात दिवसांचे अ‍ॅरे स्नॅपशॉट ते सगळे ब्लॉक धरून बसले होते. थिन पूल (जागा आधी राखून न ठेवता लागेल तशी देणारा) पूर्ण भरला तर लिखाण थांबतं आणि त्यावरच्या सगळ्याच व्हीएम अडकतात, म्हणून ८० टक्क्यांचा अलर्ट लावलाय आणि तो मेलवर नाही, फोनवर येतो.

रिस्टोअरमध्ये मात्र या पद्धतीने मला खरंच वाचवलंय. एकाने दुपारी टेबलमधल्या चुकीच्या ओळी डिलीट केल्या होत्या. सकाळच्या अ‍ॅरे स्नॅपशॉटचा क्लोन काढला, होस्टला दिला, व्हीएमएफएसला (व्हीएमवेअरची फाइल सिस्टीम) नवी सिग्नेचर लिहायला सांगितली कारण तोच डेटास्टोअर दोनदा दिसला की होस्ट दुसरा माउंट करत नाही, व्हीएम वेगळ्या नावाने रजिस्टर केली आणि सुरू करायच्या आधी तिचं नेटवर्क कार्ड काढलं. हे विसरू नका, नाहीतर एकाच आयपीच्या दोन मशीन समोरासमोर येतात. ओळी एक्सपोर्ट करून परत दिल्या, २० मिनिटांत काम झालं, पूर्ण व्हीएम बॅकअपमधून आणायला तासच्या तास गेले असते.

आणि मधेच जॉब फेल झाला तर अ‍ॅरेवर अनाथ स्नॅपशॉट मागे राहतात आणि ते कुठल्याच बॅकअप रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. मी दर सोमवारी अ‍ॅरेवर लॉगिन करून यादी तारखेप्रमाणे लावतो आणि वरचे जुने हाताने काढतो, गेल्या सोमवारी दोन निघाले, एक १९ दिवसांचा होता.