कर्जतचं हिमोफिलिया शिबिर: मुलांना पाठवा, पण त्या चढावर चालवू नका

‘गाडी थेट दारापर्यंत येते’ असं शिबिराच्या पत्रकात छापलं होतं. येत नाही. कर्जत स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने 600 रुपये घेतले आणि चढ सुरू होतो तिथेच सामान उतरवलं. पुढे दीडेक किलोमीटर नुसती खडी, सावलीचं नाव नाही, वर मे महिन्याचं ऊन. हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही. ज्याच्या गुडघ्यात पुन्हा पुन्हा ब्लीड होतं, म्हणजे आतल्या आत रक्तस्राव होतो, त्या मुलाचा हा रस्ताच नाही.

अर्ध्या वाटेत लेक म्हणाला, “आई, गुडघ्यात आतून मुंग्या येतायत.” सूज दिसायच्या आधी मुलाला हे कळतं. तेव्हा थांबून बघत बसायचं नाही. त्याच्या बाबांनी उचलून वर नेलं, फॅक्टर आठ (रक्त गोठायला मदत करणारं, शिरेतून द्यायचं औषध) दिलं, बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं. रात्रीपर्यंत दुखणं उतरलं, पण त्या दिवसाचं पोहणं गेलं. काठावर पाय लांब करून तो इतरांना बघत होता. याचा राग अजून गेलेला नाही.

परतताना आयोजकांची जीप मिळाली, म्हणजे जीप होती! अर्ज भरतानाच ती मागा आणि लेखी घ्या. नाहीतर दोन-तीन कुटुंबांनी मिळून मुंबईहूनच गाडी करा. लोकलचा प्रवास ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

डोस निघायच्या दिवशी सकाळीच द्या. फॅक्टर आठ साधारण बारा तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे आदल्या दिवशीच्या डोसवर विसंबू नका. एमिसिझुमॅब (ब्लीड होऊ नये म्हणून नियमित घ्यायचं इंजेक्शन) चालू असलं तरी ब्लीडसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध जवळ हवंच. फॅक्टरच्या व्हायल (छोट्या बाटल्या) 2 ते 8 अंशांत ठेवायच्या, पण बर्फाला चिकटवून नाही. टॉवेलात गुंडाळा. गोठलेलं फॅक्टर वाया जातं. ती पिशवी स्वतःच्या खांद्यावर ठेवा, सामानात टाकू नका. मुंबईचं केईएम रुग्णालय असो की दुसरं हिमोफिलिया केंद्र, मूल जिथे नोंदलेलं आहे तिथल्या डॉक्टरांचं पत्र घ्या. त्यात दोन गोष्टी ठळक लिहून घ्या: स्नायूत इंजेक्शन नको, आणि दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, तेही नको.

एवढं करून पाठवाच. माझ्या मुलाने तिथे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फॅक्टर घेतलं. औषध विरघळवताना व्हायल जोरात हलवायची नाही, तळहातांत हळू फिरवायची, हे त्याला कॉलेजातल्या एका दादाने दाखवलं. त्या दादालाही हिमोफिलियाच. हाताच्या पाठीवरची शीर बोटाने चाचपून त्याने बटरफ्लायची (पंख आणि बारीक नळी असलेली) सुई घातली, नळीत रक्त आलं, म्हणजे सुई शिरेत गेली, आणि माझा श्वास सुटला. घरी मी वर्षानुवर्षं सांगून जे झालं नव्हतं, ते तिथे झालं.

परतल्यावर पुढचा डोसही केंद्रातल्या नर्ससमोर त्यालाच घेऊ द्या. मध्ये खंड पडला की हात पुन्हा थरथरतो.