सोय सगळ्यांना कळते, अडतं ते भीतीपाशी

कराडला आमचं किराणा दुकान आहे. लोक मोबाइलवरून पैसे कशामुळे द्यायला लागले, असं विचारलं की बहुतेक जण नोटाबंदीकडे बोट दाखवतात. गल्ल्यावर बसून मला तसं दिसलं नाही. नोव्हेंबर २०१६ नंतर काही महिने लोकांनी नाइलाजाने कार्डं काढली. नोटा आल्या तशी ती परत पाकिटात गेली. कार्डावर आमचं कमिशन कापलं जायचं. साखरेच्या किलोमागे मुळात रुपया-दोन सुटतात, त्यातून कमिशन कुठून द्यायचं? म्हणून आम्हीच ‘रोख असेल तर बघा ना’ म्हणायचो. जानेवारी २०२० पासून यूपीआयवरचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून कापलं जाणारं हेच कमिशन, शून्य झाला, तेव्हा दुकानदारांनी स्कॅनर मनापासून पुढे केला.

सुट्ट्यांचाही वाटा मोठा. ४७ रुपयांच्या बिलावर तीन रुपयांच्या गोळ्या घ्यायला लोक कंटाळले होते. मग आवाज करणारा डबा आला. संध्याकाळच्या गर्दीत मी गूळ तोलत असतो, गिऱ्हाईक स्कॅन करतं, डबा मराठीत रक्कम सांगतो आणि ते पिशवी उचलून निघतं. मोबाइल वळवून ‘हे बघा, गेले’ असं दाखवावं लागत नाही.

पण हे तरुणांचं झालं. आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाईच म्हणतात, त्यांच्याकडे स्मार्टफोन होता, नातवाने अ‍ॅपही टाकून दिलं होतं. तरी त्या नोटाच मोजायच्या. एकदा म्हणाल्या, “अरे, अख्खं पेन्शन त्या खात्यात. बोट चुकलं की गेलं सगळं!” अ‍ॅप त्यांना येत होतं. पुंजी पणाला लावायची नव्हती, आणि ते अगदी बरोबर होतं. मग त्यांनी दुसरं बचत खातं काढलं, तेवढंच यूपीआयला जोडलं. महिन्याला दोन-तीन हजार त्यात टाकतात. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, हेही त्यांनी पक्कं करून घेतलं. आता दूधवाल्यालाही त्या मोबाइलवरूनच देतात.

जाहिरातीत ऑफर दिसतात, कॅशबॅक दिसतो. हे वेगळ्या खात्याचं मात्र कुणी सांगत नाही. साध्या बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू झालं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी बटणांचा फोन वापरणाऱ्या कितीतरी जणांनी ते नावही ऐकलेलं नाही. पासबुक छापायच्या रांगेत ही मंडळी तासभर उभी असतात. तिथेच बँकेतल्या कुणी त्यांचा फोन हातात घेऊन एकदा दाखवावं, एवढी माझी फार इच्छा आहे.