हेलसिंकीची किसाहल्ली: खाशाबा जाधवांनी पदक जिंकले ती इमारत

हेलसिंकीला जाणारे आपल्याकडचे पर्यटक ऑलिंपिक स्टेडियमचा पांढरा मनोरा आवर्जून पाहतात; मात्र तेथून काही पावलांवर असलेल्या ‘टोलो किसाहल्ली’ या महापालिकेच्या क्रीडागृहात फारसे कोणी डोकावत नाही. कुस्तीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने तेथे जायलाच हवे, असे मला मनापासून वाटते. खाशाबा जाधवांनी 23 जुलै 1952 रोजी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले ते स्टेडियमच्या मैदानावर नव्हे, तर याच छताखाली.

इमारत 1935 ची असून तिचे मूळ नाव ‘मेस्सुहल्ली’, म्हणजे प्रदर्शनगृह, असे होते. ती क्रीडेसाठी नव्हे, तर व्यापारी प्रदर्शनांसाठी बांधली गेली, आणि नक्षीकामाला फाटा देणारी तिची सरळसोट रचना आजही त्या काळातील फिनलंडच्या वास्तुशैलीची ओळख पटवते. 1952 च्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती, मुष्टियुद्ध, भारोत्तोलन आणि जिम्नॅस्टिक्स या स्पर्धा येथेच झाल्या. पुढे व्यावसायिक मुष्टियुद्धात जगज्जेता ठरलेल्या फ्लॉइड पॅटरसनने सुवर्णपदक मिळवले ते येथेच. 1970 च्या दशकात प्रदर्शने पासिला भागातील नव्या केंद्रात गेली आणि जुनी वास्तू शहराने नागरिकांच्या खेळासाठी राखली.

खाशाबांची कथा आपण ऐकलेली असते. तरीही या वास्तूत ती नव्याने आठवते. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. बँटमवेट या वजनगटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या प्रदीर्घ लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देताच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उतरवले गेले आणि त्याविरुद्ध दाद मागायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, अशी हकीकत सांगितली जाते. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. लाल मातीत घडलेल्या या मल्लाने परक्या देशात, मॅटवर, हे यश मिळवले होते. कोल्हापूरच्या तालमीतील केशव माणगावे हेही त्याच ऑलिंपिकमध्ये फेदरवेट गटात लढले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले. त्यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते, याची खंत वाटते.

आज आत गेल्यावर लाकडी जमिनीवर बॅडमिंटन, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलच्या वेगवेगळ्या रंगांच्या रेघा एकमेकींना छेदताना दिसतात. एका कोपऱ्यात एक आजोबा आपल्या नातीला टेबल टेनिसची सर्व्हिस शिकवत होते, तर पलीकडे कार्यालयातून आलेली मंडळी शटल झेलण्यात रमली होती. ऑलिंपिकची वास्तू कुलपात न ठेवता रोजच्या वापरात ठेवण्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

मध्यवर्ती रेल्वे स्थानकापासून हे ठिकाण सुमारे दोन किलोमीटरवर आहे. मानरहाइम मार्गाने संसद भवन, फिनलंडिया सभागृह आणि ऑपेरागृहावरून चालत जाणे उत्तम; ट्रामने जायचे असल्यास तिकीट आधीच ॲपवर किंवा यंत्रातून घ्यावे, कारण चालक तिकिटे विकत नाहीत. शहराच्या या भागासाठी ‘एबी’ विभागाचे तिकीट पुरते. निघण्यापूर्वी महापालिकेच्या संकेतस्थळावर वेळा अवश्य तपासाव्यात, कारण स्पर्धा, कार्यक्रम किंवा दुरुस्तीमुळे सभागृह बंद असू शकते. केवळ वास्तू पाहायची असल्यास स्वागतकक्षात विचारूनच पुढे जावे आणि खेळणाऱ्यांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. खेळायचे असल्यास बाहेर न वापरलेले, स्वच्छ तळव्यांचे बूट सोबत असावेत. जुलैमध्ये रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळही पुरेशी मिळते. हिवाळ्यात मात्र पदपथावर बर्फ गोठून निसरडे होते, म्हणून घट्ट पकड असलेले बूट घालावेत.

त्यानंतर स्टेडियमकडे वळावे. त्याच्या मनोऱ्याची 72.71 मीटर उंची भालाफेकपटू मात्ती यार्विनेन याच्या 1932 च्या सुवर्णपदकविजेत्या फेकीइतकी आहे. प्रवेशद्वाराजवळ फिनलंडचा विख्यात धावपटू पावो नुर्मी याचा धावता पुतळा आहे. क्रम मात्र असाच ठेवावा: आधी किसाहल्ली, मग मनोरा, म्हणजे क्रीडागृहासाठी निवांत वेळ मिळतो.