लिहायचं एक, वाचायचं एक

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

आज हिब्रूच्या वर्गात सरांनी फळ्यावर देवाच्या नावाची ती चार अक्षरं काढली. उजवीकडून डावीकडे: योद, हे, वाव, हे. म्हणाले, "लिहून घ्या. वाचताना मात्र अदोनाय म्हणा." अदोनाय म्हणजे माझा प्रभू. पानावर एक आणि तोंडी दुसरंच.

आणि मला एकदम आजीचं बोट दिसलं.

नगर जिल्ह्यातलं आमचं जुनं घर, कंदिलाचा उजेड, संध्याकाळची प्रार्थना. आजी तिसरीपर्यंत शिकलेली, एकेका शब्दावर बोट ठेवून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायची. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आला की तिची पंचाईत व्हायची, कारण त्यात याकोबाची गोष्ट, आणि आजोबांचं नावही याकोब. मग याकोबाचा भाऊ एसाव रानातून दमून आला, "आणि यांनी वरण शिजवलं होतं," असं ती वाचायची. बोट 'याकोब' या शब्दावर नीट टेकलेलं, आणि तोंडात कधी 'हे', कधी 'यांनी'. ओळ गाळायची नाही, घाईही करायची नाही. भिंतीला टेकून बसलेले आजोबा खाली मान घालून ऐकत राहायचे. तिला ते नाव येत नव्हतं असं थोडंच आहे? तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज वर्गात पुढचं काही क्षण मला ऐकूच आलं नाही. त्या चार अक्षरांतल्या दोघांचं नावच 'हे' आहे. योगायोगच, हिब्रूचा आणि मराठीचा तसा काही संबंध नाही. पण मला तो पुरला.

हिब्रूत मुळात फक्त व्यंजनं लिहीत. इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांदरम्यान मासोरेती पंडितांनी, म्हणजे हिब्रू शास्त्र जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी, अक्षरांच्या खाली-वर स्वरांच्या खुणा दिल्या. या नावापाशी आल्यावर त्यांनी त्याला अदोनायचे स्वर लावले, म्हणजे वाचणाऱ्याला आठवण राहील की इथे अदोनाय म्हणायचं आहे. पुढे युरोपातल्या वाचकांनी या नावाची व्यंजनं आणि अदोनायचे स्वर एकत्र वाचले, आणि त्यातून यहोवा हा उच्चार आला. मूळ उच्चार 'याहवे' असावा असा विद्वानांचा कयास आहे. आम्ही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, 'यहोवा यिरे' गातच मोठे झालो. ते मला आजही परकं झालेलं नाही. त्या शब्दापाशी किती जणांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत. फक्त आज कळलं की त्या नावातले स्वर म्हणजे आजीच्या बोटाजवळचा तो 'हे' आहे.

बायबलच्या पहिल्या भागात, जुन्या करारात, हे नाव 6,800 हून अधिक वेळा येतं. आपल्या मराठी शास्त्रात 'परमेश्वर' दिसतं तिथे साधारणपणे ही चार अक्षरं, आणि 'देव' दिसतं तिथे बहुतेक वेळा एलोहीम. चाळीस वर्षं मी दोन्ही शब्द एकच धरून वाचत आले. एलोहीम तर रूपाने अनेकवचनी आहे. आपण आदराने 'बाबा आले' म्हणतो तेव्हा क्रियापदही अनेकवचनी होतं. उत्पत्तीच्या पहिल्या वचनात मात्र नाम अनेकवचनी आणि 'निर्माण केलं' हे क्रियापद एकवचनी. पंडिता रमाबाई यासाठीच हिब्रू शिकल्या असतील. त्यांनी केडगावात मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या 1922 मध्ये गेल्या आणि पुस्तक निघालं 1924 मध्ये. त्यांच्या मुक्ति मिशनमधल्या बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले. ही चार अक्षरं त्यांनीही कधीतरी पहिल्यांदाच गिरवली असतील, या विचाराने आज फार बरं वाटलं.

यरुशलेमेतलं मंदिर उभं होतं तोवर प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक हे नाव मोठ्याने घेई, आणि ऐकणारे लोक जमिनीवर पालथे पडत. इ.स. 70 मध्ये मंदिर गेलं आणि ते घेणंही थांबलं. आजीनेही आमच्यादेखत एकदाच नाव घेतलं. धाकट्या आत्याच्या लग्नात बायकांनी तिला दारात अडवलं तेव्हा:

दगडाची केली उशी, स्वप्नात पाहिली शिडी,
याकोबरावांचं नाव घेते, वाट द्या आता थोडी.

उशी आणि शिडी शास्त्रातल्या याकोबाच्या स्वप्नातली. एरवी जपून ठेवलेलं नाव असं भर मांडवात आलं, की सगळ्या बायका क्षणभर गप्पच झाल्या होत्या.

वर्गातून येताना जिन्यात शेजारच्या मावशी भेटल्या. त्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, मूळच्या अलिबागकडच्या. त्यांच्या चौकटीला मेझुझा आहे. आत चर्मपत्राची गुंडाळी आणि बाहेर 'शीन' हे अक्षर, देवाच्या शद्दाय या नावाचं पहिलं. येता-जाता त्याला बोटं लावून ती ओठांना लावतात. मी त्यांना शद्दायचा अर्थ विचारला. "आम्ही सर्वसमर्थ म्हणतो गं." आमच्या शास्त्रातही तेच आहे. पण सर म्हणाले होते की कुणी त्याचा संबंध डोंगराशी लावतात, तर कुणी स्तन या अर्थाच्या हिब्रू शब्दाशी. शास्त्रातला याकोब मरताना आपल्या मुलाला, योसेफाला आशीर्वाद देतो, तिथे शद्दाय आणि स्तनांचे, उदराचे आशीर्वाद एकाच वचनात आहेत. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून परतलेली नामी बेथलेहेमच्या बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, कारण शद्दायने मला फार क्लेश दिलेत. इतकं कडू बोलतानाही तिने नाव तेच घेतलं.

मला सगळ्यात जवळची मात्र हागार. अब्रामची बायको साराय, तिची मिसरी दासी. पोटुशी असताना छळ सोसवेना म्हणून रानात पळाली. त्या अख्ख्या कथेत अब्राम आणि साराय तिला एकदाही नावाने हाक मारत नाहीत. माझी दासी, तुझी दासी, एवढंच. झऱ्यापाशी देवदूत तिला पहिल्यांदा 'हागार' म्हणतो. आणि मग ती काय करते? देवालाच नाव ठेवते! एल रोई, मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला नाव ठेवणारं पहिलं माणूस ही दासी. एवढी मोठी गोष्ट मला आजवर कुठल्याच उपदेशात ऐकायला मिळाली नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

तेविसाव्या स्तोत्रात 'परमेश्वर माझा मेंढपाळ' याचं हिब्रू 'अदोनाय रोई'. तिथलं रोई ऐन या अक्षराने, हागारचं आलेफने. अर्थ वेगळे, पण माझ्या मराठी कानाला दोन्ही सारखेच.

जळत्या झुडपापाशी मोशेने देवाला नाव विचारलं तेव्हा उत्तर आलं, 'एह्ये अशेर एह्ये'. आपल्याकडे 'मी आहे तो आहे'. दोनच वचनं आधी मोशे कचरतो तेव्हा देव म्हणतो, 'मी तुझ्याबरोबर असेन'. तिथेही शब्द एह्येच. हिब्रूत एकाच रूपात 'आहे' आणि 'असेन' दोन्ही मावतं. मराठीत दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी हे वचन वाचलं होतं. तेव्हा मला 'असेन' हवं होतं.

जेवणं आटोपल्यावर वहीत ती चार अक्षरं पेन्सिलीने पुन्हा काढली. दुसरा 'हे' वाकडा आला. खोडरबर उचललं आणि सरांचं बोलणं आठवलं. तोराची, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राची, गुंडाळी लिहिणारा सोफेर हे नाव लिहिण्याआधी 'पवित्र नावासाठी लिहितो' असं म्हणतो, आणि एकदा लिहिलेलं नाव खोडत नाही. चुकलं तर तो चामड्याचा तुकडाच काढून नीट पुरून ठेवतात. माझी तर साधी शाळकरी वही.

खोडरबर परत डब्यात ठेवलं. मग आजीसारखं त्या अक्षरांवर बोट टेकवलं आणि हळूच म्हटलं, अदोनाय.