आयत्या वेळचे विषय

सभेची नोटीस वाचायची खरी वेळ दुपारची. जेवणे आटोपलेली, दुकानांची दारे ओढलेली, एक ते चार कुणी कुणाची बेल वाजवत नाही, आणि गेटजवळच्या बोर्डावर एकाच टाचणीच्या आधाराने कागद फडफडत असतो. "सभा रविवारी सकाळी ठीक १०.०० वाजता. गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी १०.३० वाजता होईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिले, त्याला माणूस कळला होता. दहा वाजता सेक्रेटरी आणि खुर्च्या. साडेदहाला चहा आला की लोक.

खाली विषयपत्रिका. मागील इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, हिशेबतपासनिसाची नेमणूक, आणि सगळ्यांत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. गोव्यातल्या तळ्याकाठच्या घरमालकांची असोसिएशन असली, तरी तळे असते ते या शेवटच्या ओळीत. वरचे तीन विषय वीस मिनिटांत उरकतात. मग कुणीतरी खुर्ची पुढे ओढून म्हणतो, "यंदा पाणी फारच लवकर खाली गेलं हो."

असोसिएशन काढणे अवघड नाही. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याला सात माणसे पुरतात. अवघड असते ते पुढचे. सभा झाली की चौदा दिवसांत समितीची यादी निबंधकाकडे जायला हवी, आणि ती जात नाही. दोन-तीन वर्षे कुणाला फरक पडत नाही. मग खजिनदार बदलतो, बँक नव्या सहीसाठी यादी मागते, आणि ऐन मे महिन्यात बांधाच्या कामाचे पैसे अडकतात. बांधाचा निधी म्हणून वेगळे खाते ठेवावे, सह्या दोघांच्या असाव्यात. कारण खर्च मे महिन्यात येतो, आणि वर्गणी, दिल्ली-मुंबईचे मालक नाताळात उतरतात तेव्हा.

वर्गणीचा वाद ठरलेला. पुढच्या रांगेतल्यांच्या गॅलरीतून तळे दिसते, मागच्यांच्या गॅलरीतून पुढच्यांच्या पाण्याच्या टाक्या. मग सारखी वर्गणी का? तोडगा साधा आहे. वॉचमन, दिवे, रस्ता सगळ्यांना सारखे. जेटी आणि काठाची साफसफाई पुढच्यांच्या अंगावर. बांध मात्र परत सगळ्यांचा, कारण तो फुटला तर गॅलरी पाहून फुटत नाही.

पण खरे भांडण फळीचे. तळ्याच्या तोंडाशी मानस असते, म्हणजे पाणी अडवायचे-सोडायचे दार. जांभ्या दगडाचे खांब, त्यांत उभ्या खाचा, खाचांत आडव्या फळ्यांच्या दोन रांगा आणि मधल्या पोकळीत ठासलेली चिकण माती. फळी ऐनाची, म्हणजे आपल्या मट्टीची असेल तर पाण्यात वर्षानुवर्षे टिकते. मट्टीला गोव्याच्या राज्यवृक्षाचा मान उगाच मिळालेला नाही. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ्या बसवायच्या. उशीर केला तर शेवटच्या सरी वाहून जातात. मे सरताना काढायच्या. विसरलात तर जूनचे लोंढे मातीच्या बांधावरून उडी घेतात, आणि मातीचा बांध वरून वाहिलेले पाणी फार वेळ सोसत नाही.

एका फळीत किती पाणी असते याचा हिशेब सभेत कुणी करत नाही. एक हेक्टर पाण्यावर एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख लिटर. कुडचड्याचे नंदा तळे, २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलेले, सुमारे ४२ हेक्टरांचे. तिथे बोटाच्या नखाएवढी पातळी उतरली तरी ४२ लाख लिटर गेले. आपले तळे दहा हेक्टरांचे धरा आणि फळी अर्ध्या फुटाची. ती उचलली की दीड कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दीड हजार टँकर. ऐकून पुढची रांग हळहळते. पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी नुसते वर जाते. महिन्याला अर्धा फूट. म्हणजे कुणी हातही न लावता सूर्य महिन्याला एक फळी काढून नेतो, आणि त्याच्याविरुद्ध ठराव आजवर कुणी मांडलेला नाही. ठराव होतात ते खालच्या शेतकऱ्याविरुद्ध.

त्याचे म्हणणे तर एवढेच असते की वायंगण शेतीला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, पाणी हवे. गोव्यातली पुष्कळशी तळी देखाव्यासाठी कुणी बांधलेली नाहीत. करमळीचे घ्या, नंदाचे घ्या. पाणी साठवायचे ते खालच्या भातासाठी. तळे हिवाळ्यापासून उतरत जाणार हे गृहीतच होते. बंगल्याच्या माहितीपत्रकातला फोटो ऑक्टोबरातला असतो, हा तळ्याचा दोष नव्हे. आणि पाण्याच्या हक्काबद्दल फार आवाज चढवण्याआधी मयेकडे बघावे. तिथे तळ्याच्या गावातल्या लोकांची घरे पिढ्यान् पिढ्यांची, पण मालक पोर्तुगीज राजवटीबरोबर निघून गेला म्हणून जमीन स्थलांतरितांची मालमत्ता ठरली, आणि त्यावर कायदा यायला २०१४ उजाडले. आपल्याकडे विक्रीखत आहे, एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, नाव आहे. ते जमिनीवर आहे, पाण्यावर नाही.

मे अखेरीचे तळे तर काही औरच. पाणी घोट्याएवढे, मधे चिखलाची बेटे, आणि गावातली झाडून सगळी पोरे आत. बुड नसलेली बांबूची टोपली चिखलात दाबायची, आत मासा धडकला की वरच्या भोकातून खांद्यापर्यंत हात घालायचा. मरळ गुळगुळीत, निसटते. थिगूर काटा मारतो, तो मारला की मनगटापर्यंत ठणका. बायका काठावर भांडी घेऊन बसलेल्या, म्हाताऱ्यांच्या सूचना चालू, "अगो, तो लहान आहे, सोड त्याला." उघडा पडलेला गाळ लोक पाट्यांनी उपसून कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत नेत. गाळ काढण्याचे टेंडर तेव्हा कुणी काढत नसे.

असो. बांधाचे बघू.

बांधावर पेव्हर बसवून फिरायची वाट करायची टूम प्रत्येक समितीला एकदा तरी सुचते. करू नये. बांध उघडा, गवताळ हवा. गवत कापायचे, उपटायचे नाही. म्हणजे ओल कुठे येते ते दिसते. खेकडे आणि उंदीर बिळे पाडतात, मेलेल्या माडाची मुळे कुजून आत पोकळ्या राहतात, आणि हे सगळे पेव्हरखाली सुखाने चालते. बाहेरच्या उतारावर पाझर दिसला तर आधी ते पाणी काचेच्या ग्लासात धरून पाहावे. स्वच्छ असेल तर नोंद करून लक्ष ठेवावे. गढूळ असेल तर पाण्याबरोबर बांधाची मातीही येते आहे, त्याच दिवशी माणसे बोलवावीत. हौशी लोक बाहेरून माती चोपून भोक बुजवतात. पाणी दुसरीकडून वाट काढते. चिकण माती आतल्या, पाण्याच्या बाजूने घालायची. बाहेर वाळूच्या पिशव्यांचे कडे करून आत आधी वाळू आणि तिच्यावर खडी टाकायची, म्हणजे पाणी निघते आणि माती अडते.

मग शोषखड्डे, संडासाच्या टाकीचे पाणी जमिनीत मुरवणारे. पावसाळ्यात काठची भूजल पातळी अंगणापर्यंत आलेली असते. ऑगस्टमधला शोषखड्डा काहीही शोषत नाही. जे आत जाते ते तळ्यात उतरते. ऑक्टोबरात एखाद्याच घरासमोर पाणी हिरवेगार दिसले तर लॉनचे खत नाही तर ती टाकी. तपास सोपा आहे. संडासात निरुपद्रवी चमकता रंग ओतायचा आणि दोन-तीन दिवस काठावर नजर ठेवायची. ही सूचना सभेत आली की एकमताने मंजूर होते. सुरुवात कुणाच्या घरापासून, यावर मात्र सभा तहकूब होते.

जलपर्णी आणि साल्व्हिनिया या तरंगत्या तणांबद्दल एवढेच की चार ठिपके दिसतात तेव्हाच काढावीत. अनुकूल पाण्यात जलपर्णी पंधरवड्यात दुप्पट होते. बाहेर काढलेला ढीग काठावर ठेवू नये, पहिल्या जोराच्या पावसात तो परत घरी जातो. आणि पावसाळ्यात तरंगत्या पानांवर कमळपक्ष्यांची अंडी असतात, तेव्हा तो कोपरा सोडावा. चतुर्थीनंतर माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाचे, नारळ, तोरिंगे, सुपाऱ्या तरंगत येतात, ते पोरे आपणहून गोळा करतात.

राहता राहिल्या फळ्या. मे महिन्यात काढल्या की सावलीत आडव्या रचाव्यात, उन्हात चिरतात आणि मग ऑक्टोबरात कितीही माती ठासली तरी पाणी झिरपत राहते. प्रत्येकीवर ऑइलपेंटने नंबर घालावा, कारण खाच आणि फळी एकमेकींना सरावलेली असतात. तिसरी पाचवीच्या जागी बसत नाही. आणि त्या ठेवल्या कुठे हे इतिवृत्तात लिहावे. ते राहून जाते. मग शेवटच्या सरी पडत असताना मानशीवरचा गडी दारात येऊन विचारतो, "पात्रांव, फळ्यो खंय आसात?" त्या असतात जुन्या खजिनदाराच्या गॅरेजमध्ये, आणि तो असतो मुलीकडे पुण्याला. किल्ली शेजाऱ्यांकडे आहे म्हणतात.