मृत्यूचं ठिकाण

एप्रिल २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम चालू होती तेव्हाची गोष्ट. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची म्हणून राज्यभर गावोगाव जे चाललं होतं ते. आधी मार्चमध्ये बुलढाणा जिल्ह्यात करून बघितलं, मग सगळ्या राज्याला. १ ते ५ एप्रिल चावडी वाचन, म्हणजे गावकऱ्यांपुढं नोंदी मोठ्यानं वाचणं, आणि मयतांची यादी, ६ ते २० वारसांनी कागदं द्यायची नि आम्ही चौकशी करायची, २१ एप्रिल ते १० मे सातबारे दुरुस्त. मी मराठवाड्यात एका सज्जाला तलाठी आहे. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून 'तलाठी मॅडम'च म्हणतात आणि मलाही तेच जवळचं वाटतं. माझ्याकडं तीन गावं.

बाहेरच्या माणसाला वाटतं वारस लावायचा म्हणजे एक नाव खोडून दुसरं टाइप करायचं. तसं नसतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, पोलीस पाटील किंवा सरपंचाचा दाखला हे आलं की आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवही, त्यात चौकशी, मग नमुना ६ ला फेरफार म्हणजे नावबदलाची नोंद, मग ज्यांचा ज्यांचा संबंध त्यांना नमुना ९ ची नोटीस, पंधरा दिवस हरकतीला, हरकत आली तर ६-अ ला विवादग्रस्त म्हणून चढवायचं, नाही आली तर मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. आणि ह्या सगळ्याचा जीव एका छापील ओळीत असतो, 'स्थानिक चौकशी केली असता'. ही ओळ खुर्चीवरून न उठता टाइप करणारे आमच्यात भरपूर आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही असं म्हणणार नाही, ठेवतेच. एका वारसाचं नाव गाळलं गेलं की पुढं वीस वर्षं दोन पिढ्या कोर्टात जातात आणि मूळ सापडतं ते ह्याच ओळीत.

माझ्या एका गावात चावडी वाचन आम्ही मारुतीच्या देवळात केलं कारण ग्रामपंचायतीच्या पत्र्याखाली सकाळी दहालाच बसवत नव्हतं. त्या गावात त्रेसष्ट मयत खातेदार निघाले. मी एकेक खाते नंबर, गट नंबर आणि नाव वाचत गेले आणि पहिल्या पाच-सहा नावांनंतर देवळात जी शांतता झाली ती मी विसरू शकत नाही. आम्ही यादी म्हणून वाचतो हो, पण समोर बसलेल्यांचे ते बाप, चुलते, आज्या. कुणाचं नाव आलं की मागं बसलेल्या बायका पदर सावरायच्या. एक म्हातारे प्रत्येक नावाला 'बहात्तरच्या दुष्काळात गेला', 'हा विहिरीत पडून गेला', 'ही बाळंतपणात गेली' असं हळू आवाजात सांगत होते, मी कोतवालाला म्हणलं ते सांगतात ते बाजूला लिहून घे. पुढं पंधरा-वीस प्रकरणांत आम्हाला तेच कामाला आलं, कारण खरी अडचण दाखल्यांचीच होती. जुने मृत्यू नोंदवलेलेच नाहीत. उशिराच्या जन्म-मृत्यू नोंदी जानेवारी २०२५ मध्ये राज्यभर थांबवल्या होत्या, मग १२ मार्चला नवी कार्यपद्धती आली, जास्त पुरावे, जास्त तपासणी. बोगस दाखले निघत होते म्हणून ते केलं, ते बरोबरच होतं. पण वीस-बावीस दिवसांनी आम्ही गावात जाऊन म्हणतोय आजोबांचा दाखला आणा. वयस्कर माणसं कोतवाल बुकातली, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली, नोंद शोधायला तालुक्याच्या रेकॉर्ड रूमपुढं उन्हात उभी राहायची आणि इकडं आमच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी टक्केवारी विचारली जायची. ज्यानं टक्केवारी विचारली त्यानं एकदा तरी त्या रांगेत उभं राहायला पाहिजे होतं असं मला आजही वाटतं.

तर ह्या यादीत एक खातं होतं, सात एकर काही गुंठे, खातेदार १९९१ मध्ये वारलेले. चौतीस वर्षं सातबारा त्यांच्याच नावावर. दोन्ही मुलं कसत होती, आपसात बांध टाकून घेतला होता, काही अडत नव्हतं. आता अडलं, कारण शेतकरी ओळख क्रमांक त्याच महिन्यापासून कृषी योजनांना सक्तीचा झाला आणि मयताच्या नावावर तो निघत नाही. अतिवृष्टीचं अनुदान, पीककर्ज, सगळीकडं वडलांचं नाव आडवं येत होतं. वाचन संपल्यावर तासाभरात दोघं भाऊ फाइल घेऊन हजर. एवढी टापटीप फाइल त्या दिवशी दुसऱ्या कुणाची नव्हती. शपथपत्र, पोलीस पाटलाचा सही-शिक्क्याचा दाखला, आधारकार्डं, आणि मृत्यूचा दाखला, ओरिजिनल. वारस दोन, मुलगा आणि मुलगा. आई आधीच वारलेली.

मला त्या दाखल्याचंच नवल वाटलं. एक्याण्णवच्या मृत्यूचा दाखला बाकीच्यांना मिळत नव्हता आणि ह्यांच्याकडं नीट प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला. म्हणून मी तो सावकाश वाचला. मृत्यूचं ठिकाण ह्या कॉलमात गाव दुसरंच होतं, शेजारच्या तालुक्यातलं.

मी विचारलं, "दादा, वडील तिथं कसे काय वारले? कुणी पाहुणे आहेत का तिथं?"

मोठा म्हणाला, "दवाखान्याला नेलं होतं मॅडम."

त्या गावात आजही दवाखाना नाही, मला माहीत होतं, माझी पहिली पोस्टिंग तिकडचीच. मी काही बोलले नाही, नुसती दाखल्याकडं बघत बसले. धाकटा भाऊ खाली बघायला लागला. तेवढ्यात आमचा कोतवाल, जो चार माणसांत सहसा तोंड उघडत नाही, तो पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाला, "थोरल्या आक्काचं गाव हाय ते. म्हातारा शेवटचे दोन वर्षं आक्काकडंच होता."

म्हणजे बघा. बापाला शेवटी जिनं सांभाळलं, जिच्या सासरच्या ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली, जिनं तो कागद चौतीस वर्षं पाकिटात घालून जपला आणि भावांना लागला म्हणून काढून दिला, तिचंच नाव शपथपत्रात नव्हतं. आणि एकटी तीच नाही, धाकटी पण एक बहीण निघाली.

मोठा भाऊ चिडला नाही, उलट समजावणीच्या सुरात बोलला. बहिणी दिल्या घरी सुखी आहेत, त्यांना काही नको आहे, तुम्ही फोन लावून विचारा. पोलीस पाटील पण आले, म्हणले मॅडम घरातलं प्रकरण आहे, गावात आजपर्यंत असंच होत आलंय. त्यांनी दाखल्यावर सही करताना वारस मोजले नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि एक शिकलेला पुतण्या, तो म्हणाला हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीआधी वडील वारले, बहिणींची लग्नं चौऱ्याण्णवच्या आधीची, त्यांना हक्क लागूच होत नाही. हे अर्धं ज्ञान फार वाईट. महाराष्ट्रानं १९९४ ला केली ती दुरुस्ती आणि केंद्राची २००५ ची, दोन्ही मुलीला जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार करण्याबद्दल आहेत. वडलांच्या स्वतःच्या वाट्याला मुलगी ही मुलाच्या बरोबरीची पहिल्या वर्गाची वारस १९५६ पासूनच आहे. कुणाला किती आणे हिस्सा ते कोर्ट ठरवेल, माझं काम वारस कोण एवढं लिहिणं, आणि मुलगी वारस नाही असं मी कुठल्याच वर्षाच्या आधारानं लिहू शकत नाही. हे सगळं मी त्या देवळात तीस माणसांपुढं बोलले. आवाज चढला होता माझा.

फोनवर धाकटी बहीण म्हणाली, "बाई, माझं नाव घालूच नका, माझं माहेर तुटंल." तिला पण मी तेच सांगितलं, की फोनवर नको म्हणल्यानं वारस कमी होत नाही, नाव लागू द्या, नंतर तुमच्या मर्जीनं रजिस्टर हक्कसोड करून हिस्सा सोडा. थोरलीनं फोन उचलला नाही.

जुने फेरफार काढले तर अजून एक दिसलं. म्हाताऱ्याचे वडील वारले तेव्हाच्या फेरफारात म्हाताऱ्याच्या बहिणीचं नाव होतं, पण कब्जेदारात म्हणजे जमीनधारकांच्या नावांत नाही, 'इतर हक्क' ह्या रकान्यात, बारीक अक्षरात, बोजाच्या नोंदीखाली. पूर्वी सर्रास असंच करायचे. सोसायटीचं कर्ज, विहिरीतला हिस्सा आणि घरची लेक एकाच रकान्यात. मला जुनी अक्षरं वाचायची आवड आहे, सहकारी कंटाळतात, मी काढत बसते, पण त्या दिवशी ते पान वाचून बराच वेळ पुढचं काम सुचलं नाही.

फाइल परत केली. आठ दिवसांनी नवीन शपथपत्र आलं, चार वारस. सर्व्हर चालत नव्हता म्हणून रात्री साडेअकराला बसून फेरफार घातला, चौघांना नोटिसा काढल्या, थोरल्या आक्काची त्या गावच्या तलाठ्याकडून बजावून घेतली. हरकत आली नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणित झाला. रिपोर्टमध्ये माझं ते एक प्रकरण इतर बासष्टांसारखंच एक आकडा झालं.

खरी गोष्ट जूनमधली आहे, जी माझ्या डोक्यातून जात नाही.

मोठा भाऊ थोरल्या बहिणीला घेऊन ऑफिसला आला. सामाईक खातं असलं की पीककर्जाला सगळ्यांची संमती लागते, त्यापेक्षा एकदाच हक्कसोड करून टाकू असं ठरलं होतं. हक्कसोड आमच्याकडं होत नाही, दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर होतं, ते फक्त सातबारा आणि फेरफाराची नक्कल न्यायला आले होते. आक्का साठीच्या पुढच्या, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी सातबारा काढून दिला तर त्यांनी भावाच्या आधी हात पुढं केला आणि विचारलं, "माझं कुठं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांना सही करण्यापुरतं वाचता येतं, आपलं नाव ओळखलं त्यांनी. कब्जेदारात होतं, भावांच्या ओळीत.

मग त्या मला म्हणाल्या, भाऊ शेजारी उभा असताना, "मॅडम, सही नाही केली तर चालतं का?"

मी म्हणलं, "चालतं मावशी. तुमची मर्जी असली तरच करायची."

कायद्यानं ह्याच्याशिवाय दुसरं उत्तर नाही. पण भावाचा चेहरा बघितला आणि मला कळलं की आत्ता ह्या खोलीत काहीतरी तुटलं. त्या गप्प बसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचं हाय का वो नाव, तुमच्या माहेरच्या उताऱ्यावर?"

नाहीये. २०१६ मध्ये मी स्वतः हक्कसोड करून दिलंय, भावाला ट्रॅक्टरचं कर्ज काढायचं होतं, आई म्हणाली तुला सरकारी नोकरी आहे, तुला कशाला पाहिजे. मला कुणी जबरदस्ती केली नाही. पण मला कुणी विचारलंही नव्हतं की सही नाही केली तर चालतं का, आणि मी तलाठी असून ते मला स्वतःला पण विचारायचं सुचलं नव्हतं. मी आक्कांना एवढंच म्हणलं, "होतं मावशी. मी दिलं सोडून."

त्या काही बोलल्या नाहीत. नकलेचे पैसे भाऊ द्यायला लागला तर त्याला थांबवून त्यांनीच कनवटीचे काढून दिले, कागदाची घडी केली आणि पिशवीतल्या एका प्लास्टिकच्या पाकिटात घातली. बहुतेक तेच पाकीट असेल, दाखल्याचं. बाहेर जाऊन दोघं बराच वेळ लिंबाखाली उभे होते, बोलत नव्हते. मग भावानं मोटारसायकल चालू केली आणि एकटाच गेला. कोतवालानं आक्कांना स्टँडवर सोडलं.

हक्कसोड अजून झालेलं नाही. राखीला त्या आल्या नाहीत असं कोतवाल सांगतो. धाकट्या भावानं नंतर येऊन मला विचारलं की मॅडम आता काय करायचं, त्याच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता, आणि मी त्याला संमतीपत्राचा नमुना देऊन म्हणलं की हे घेऊन तू स्वतः आक्काकडं जा, थोरल्याला नको पाठवू. तो गेला का नाही मला माहीत नाही. गटाचा नंबर माझा पाठ झालाय, दुसऱ्या कामाला सिस्टीम उघडली तरी आधी तो टाकून बघते, चार नावं आहेत का ते.