तिरानो स्टेशन : पाच मिनिटांच्या कनेक्शनवर विसंबू नका

मिलानोहून बर्निना मार्गावर (इटलीतल्या तिरानोहून आल्प्स ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या सेंट मोरिट्झकडे जाणारा रेल्वेमार्ग) जाणाऱ्यांना सगळीकडे एकच सल्ला मिळतो : तिरानोत इटालियन आणि स्विस अशी दोन्ही स्टेशनं एकमेकांना लागून आहेत, गाडी बदलायला पाच मिनिटं बास. चालायला बास, हे खरं. पण गाडी वेळेवर पोचली तर ना!

मिलानो चेंत्राले ते तिरानो सुमारे अडीच तास. लेक्कोच्या पुढे एकेरी मार्ग आहे. समोरून येणारी गाडी लेट झाली की आपलीही क्रॉसिंगसाठी स्टेशनात उभी राहते. एकदा गेलेली वीस मिनिटं पुढे भरून निघत नाहीत. शेजारच्या स्टेशनातली लाल गाडी स्विस रेटियन रेल्वेची : कंपनी वेगळी, रूळही वेगळे (मीटरगेज). ती तुमची वाट बघेल हे डोक्यातून काढून टाका.

बर्निना एक्सप्रेस म्हणजे याच मार्गावरची मोठ्या काचांची पर्यटक गाडी. तिचं आरक्षण सक्तीचं, आणि ते त्याच एका गाडीचं. गाडी चुकली की आरक्षणाचे पैसे बुडाले. मूळ तिकीट मात्र वेगळं असतं. साधं तिकीट असेल तर त्या दिवशीच्या पुढच्या लोकल गाडीत चालतं. घाबरून खिडकीवर दुसरं तिकीट काढू नका. मिलानोहून एक गाडी आधीचीच पकडायची, यात तडजोड नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री संप आहे का तेही बघा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरलेल्या गाड्या धावतात, बाकीचं रामभरोसे. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारा, नाहीतर दंड.

आता स्पष्टच सांगायचं तर एक्सप्रेसचा हट्ट सोडा. साधी लोकलही त्याच रुळांवरून, त्याच ब्रुसिओच्या नऊ कमानींच्या गोल पुलावरून जाते आणि आरक्षण लागत नाही. एक्सप्रेसच्या मोठ्या काचा उघडत नाहीत, फोटोत आपलंच तोंड उमटतं. लोकलला पुढे नवीन अलेग्रा डबे असतात. त्यांच्या मागे जुने डबे जोडलेले असले तर तिकडे जा, तिथल्या खिडक्या खाली सरकतात. मिलानोहून ‘वन डे टूर’ म्हणून विकतात ती बहुतेक मिलानो-तिरानो आणि बर्निना गाडी हीच दोन तिकिटं, वर घसघशीत कमिशन.

कुठल्या बाजूला बसायचं यावर लोक भांडतात. तिरानोहून वर जाताना पोस्कियावोचं तळं उजवीकडे, लागो बियांको हे तळं आणि मोर्तेराच हिमनदी डावीकडे. तेव्हा गाडी रिकामी असेल तर उठून बाजू बदला. तिरानो ४२९ मीटरवर, मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन ओस्पित्सिओ बर्निना २२५३ वर. खाली घाम आणि वर बोचरा वारा, म्हणून जॅकेट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

स्विस ट्रॅव्हल पास तिरानोपर्यंत चालतो, एक्सप्रेसचं आरक्षण मात्र वेगळं. तिरानो ते मिलानो तो चालत नाही, तिकीट काढावंच लागतं. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने सिंगल एंट्री व्हिसा पुरतो, पण पासपोर्ट मूळच हवा. झेरॉक्स दाखवून वाद घालू नये.

तिरानोत जेवायचं तर दुपारी अडीचच्या आत. नंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात. पित्सोकेरी मागवा : कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, भरपूर लोणी आणि चीज. मांस नसतं, पण चीजमधल्या रेनेटचं (जनावराच्या जठरातून काढलेलं विरजण) वावडं असेल तर विचारून घ्या. एक प्लेट दोघांत पुरते. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ती फसवणूक नव्हे, तिथली रीत आहे. ब्रेसाओला (वाळवलेलं गोमांस) घेऊन स्वित्झर्लंडकडे निघालात तर मांस माणशी एक किलोपर्यंतच करमुक्त. सगळ्या खरेदीची मर्यादा २०२५ पासून माणशी १५० फ्रँक. कस्टम्सवाले गाडीतही येतात, पावत्या हाताशी ठेवा.